बीएस्सी नर्सिंगनंतर एमबीए आत्ताच करावं की थांबावं? मदत हवी आहे

नमस्कार. २०२३ साली बीएस्सी नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. तेव्हापासून पुण्यात एका खासगी रुग्णालयात आयसीयूत आहे. गेले सहा महिने इन्चार्ज सिस्टर ड्युटी रोस्टर आणि इंडेंट (वॉर्डसाठी लागणाऱ्या साहित्याची मागणी) माझ्याकडून करून घेतात. रात्री अडीचला एका सिरिंज पंपासाठी तीन वॉर्ड पालथे घातले, तेव्हा पक्कं ठरवलं की मला हॉस्पिटल व्यवस्थापनातच जायचंय.

टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) दोन वर्षांचा हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा कोर्स पाहिला, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल आणि घराचा हप्ता माझ्याच पगारावर आहे. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) दूरशिक्षणाचं एमबीए नोकरी सांभाळून होईल. दोन सीनियर ताईंना विचारलं. एक म्हणाल्या, आत्ताच कर, नंतर अभ्यासाची सवय मोडते. दुसऱ्या म्हणाल्या, पाच वर्षं बेडसाइड (थेट रुग्णसेवेत) काढल्याशिवाय कुणी विचारत नाही. मला दोन्ही पटतं, तिथंच अडलंय.

एमएस्सी नर्सिंग किंवा परदेशात जाणं सुचवू नका, दोन्हींचा विचार करून झालाय.

नर्सिंगमधून प्रशासनात गेलेल्यांनी कृपया सांगा: एमबीए किती वर्षांच्या अनुभवानंतर केलंत, आणि दूरशिक्षणाच्या पदवीमुळे मुलाखतीत कुठे अडलं का?