रक्त साकळणे, गोठणे आणि मुका मार

मार लागून कातडीखाली काळानिळा डाग उठतो, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? गेल्या आठवड्यात आईचा फोन आला, "पायात रक्त गोठलंय." भावाला वाटलं शिरेत गुठळी झाली. धावतपळत दवाखान्यात नेलं, तर पलंगाची कड लागून नडगीवर डाग पडला होता. तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय.

प्रतिसाद : तुमच्या आईंना म्हणायचं होतं 'रक्त साकळलंय'. माझी आजी हेच म्हणायची. (काही जण 'साखळणे' म्हणतात आणि लिहितातही.) कातडी फाटत नाही, पण खालच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्ताला बाहेर यायला वाट नसते, ते आतल्या आत झिरपतं आणि तिथेच साचून राहतं, ते साकळणं. जखमेवर खपली धरते तेव्हा रक्त गोठतं, तेही हवंच. मात्र शिरेच्या आत गोठलं की गुठळी, आणि ते दुखणं निराळं. हा फरक दाखवणारं क्रियापद आपल्याकडे आहे, ते वापरातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

'मुका मार' हे डागाचं नाव नव्हे, माराचं. रक्त न काढणारा मार तो मुका. पोलिसांतल्या फिर्यादीतही हाच शब्द असतो. खोल मार असेल तर डाग एक-दोन दिवसांनी वर येतो, कधी जागाही बदलतो : कपाळ आपटतं आणि डोळ्याभोवती काळं होतं, कारण रक्त खाली उतरतं.

'वळ' छडीच्या, पट्ट्याच्या, बोटांच्या लांबट खुणेला. 'टेंगूळ' फुगवट्याला.

प्रश्न : मग 'काळंनिळं पडणं' का नको?

प्रतिसाद : घरात चालेल. पण श्वास कोंडला तरी माणूस काळानिळा पडतो, म्हणून डॉक्टरांना सांगताना हा शब्द अपुरा पडतो. शिवाय डाग काळानिळा राहतो कुठे? आधी तांबूस, मग जांभळा, साधारण 5-6 दिवसांनी कडेने हिरवट, पुढे पिवळा, आणि दोनेक आठवड्यांत नाहीसा. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर मोडत जातं, त्यातून आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. काविळीत डोळे पिवळे करणारं द्रव्य तेच. सावळ्या कातडीवर हे मधले रंग नीट दिसत नाहीत, डाग नुसताच गडद वाटतो.

एक विचारू? आई रक्त पातळ करायची गोळी घेतात का?

प्रश्नकर्ता : हो, दोन वर्षं झाली.

प्रतिसाद : मग एवढ्याशा धक्क्यानेही साकळणारच, त्यात वयामुळे कातडी पातळ झालेली. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पण कुठे आपटल्याचं आठवत नसताना डाग उठू लागले, तर लगेच दाखवा आणि याच शब्दांत सांगा : "मार न लागता रक्त साकळतंय."