शक्ती, ऊर्जा आणि उरक

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना दरवर्षी मी एकाच शब्दाशी अडखळते. तो कार्य नाही, ऊर्जाही नाही. तो आहे शक्ती.

कार्याचं बरं असतं. घरात आपण 'काम' म्हणतो. कार्य म्हणजे लग्न, मुंज, 'त्यांच्याकडे कार्य आहे'. त्यामुळे विज्ञानाच्या तासाला हा शब्द जवळजवळ कोरा येतो आणि त्यात 'बल गुणिले विस्थापन' भरता येतं. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना ही सोय नाही. त्यांचं वर्क तेच आणि होमवर्कही तेच. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, आई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने येते, तर तिने गुरुत्वाविरुद्ध केलेलं कार्य शून्य? मग ती दमते कशी?" मी म्हटलं, कार्य शून्य, काम भरपूर. वर्ग हसला, ती नाही हसली. मग स्नायूंचं सांगावं लागलं: भार नुसता तोलून धरला तरी तंतू सारखे आखडत-सुटत राहतात, ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते.

शक्ती मात्र आधीच काठोकाठ भरलेली येते. 'तापाने अंगातली शक्तीच गेली', 'डॉक्टरांनी शक्तीचं औषध दिलंय'. बोलण्यात शक्ती साठते, पुरते, संपते. म्हणजे पुस्तक जिला ऊर्जा म्हणतं तीच ही. पुस्तकातली शक्ती मात्र वेगळी: कार्य करण्याचा दर. 'पंखा रात्रभर चालला म्हणून जास्त शक्ती लागली' असं कुणी लिहिलं की मी लाल रेघ मारते, पण मराठी म्हणून ते वाक्य मला कुठेच खटकत नाही. ही दराची कल्पना चटकन पोचवणारा रोजच्या वापरातला शब्द कुणाला सुचतोय का?

प्रतिसाद

उरक! 'थोरल्या सुनेला कामाचा उरक आहे' म्हणतो तेव्हा ती जास्त काम करते असं नसतं. दोघी जावा तेवढ्याच भाकऱ्या थापतात, एकीच्या आधी होतात. विहिरीवरचं घ्या. १० किलोची भरलेली बादली ६ मीटर वर ओढली, तर गुरुत्वत्वरण १० धरून कार्य ६०० ज्यूल. एकीने २० सेकंदांत ओढली, तिची शक्ती ३० वॉट. दुसरीने १० सेकंदांत, तिची ६०. पाणी तेवढंच, कार्य तेवढंच, उरक दुप्पट.

प्रतिसाद

उरक आवडला, पण तो माणसांना लागतो. 'या बल्बचा उरक ९ वॉट' हे कानाला कसं वाटतं ते बघा. शिवाय भिंगाच्या शक्तीचं काय करणार? डायॉप्टरमध्ये मोजतो ती, बोलण्यात चष्म्याचा नंबर. तिथे दराचा काही संबंधच नाही.

आणि हा गोंधळ फक्त आपला नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, पण शीर्षकात जर्मन शब्द होता 'क्राफ्ट', म्हणजे बल. आपल्याकडेही मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीचं नाव अणुशक्तीनगर, आणि तिथल्या लोकांचा विषय अणुऊर्जा. ऊर्जा शब्द तसा जुना आहे. ऊर्ज् म्हणजे पोषण, रस, जोम. कार्तिक महिन्याचं वैदिक नाव 'ऊर्ज', आणि संध्येत अंगावर पाणी शिंपडतानाच्या, म्हणजे मार्जनाच्या, मंत्रातही 'ऊर्जे' येतं. बोलण्यातून तो गेला होता, म्हणून शास्त्राला रिकामा मिळाला. शक्ती कधी बोलण्यातून गेलीच नाही.

प्रतिसाद

मी मोटारी दुरुस्त करतो. आमच्याकडे अश्वशक्ती कुणी म्हणत नाही. 'पाचची मोटार', 'साडेसातची मोटार', बस्स. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. तरी लोक येऊन विचारतात, "पाचची मोटार किती युनिट खाते?" मी उलटा विचारतो, "किती तास चालवणार?" युनिट म्हणजे किलोवॉट-तास, ३६ लाख ज्यूल. पाचची मोटार पूर्ण भारावर तासभर चालली तर पावणेचार युनिटच्या आसपास, थोडी गळती धरून वरच. दर आणि साठा यांतला फरक शेतकऱ्याला वीजबिल शिकवतं, बाई.

माझी तक्रार वेगळीच आहे. पुस्तक म्हणतं ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. पेपरात येतं, कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट. मेगावॉट तर शक्तीचं एकक! मग क्षमता नक्की कुणाची?

मूळ लेखिका

क्षमतेचा मुद्दा माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. आता ऊर्जेची व्याख्या सांगताना मी 'किती कार्य होऊ शकेल त्याचा साठा' असं जोडणार आहे, क्षमतेवर सोडणार नाही.

उरक काल वर्गात वापरून पाहिला. पुस्तकातला शब्द मी बदलणार नाही. बोर्डाच्या पेपरात शक्तीच लिहायची आहे आणि मुलांच्या गुणांशी मला खेळायचं नाही. पण फळ्यावर 'शक्ती = कार्य ÷ काळ' लिहिलं आणि बाजूला खडूने बारीक अक्षरात 'उरक'. दोघांना जिन्याने पळवलं, एकेकाचं वजन आणि वेळ घेतली. जाडसर मुलगा मागून पोचला, पण त्याचे वॉट जास्त भरले! वजन जास्त, म्हणून कार्यही जास्त. पहिला आलेला हिशोबच मानेना. 'उरक' म्हणजे नुसता वेग नव्हे हे सांगण्यात उरलेला तास गेला, आणि स्थितिज ऊर्जा सोमवारवर ढकलली.