स्वमग्न मुलांची भीती बोलून कमी होते का? गावाकडच्या पालकांनी मत द्यावं

यवतमाळची आई
माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे, बोलतो. पोळा जवळ आला की डफड्याच्या धास्तीनं त्याचं जेवण तुटतं. लाइन कधी जाईल, हे दिवसभर विचारतो. घरचे म्हणतात, स्वभावच आहे. मला हे अजिबात मान्य नाही. २०११ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जवळपास ४० टक्के स्वमग्न मुलांत चिंतेचा निदान होण्याजोगा आजार आढळला. आजार आहे तर उपचार हवा. सीबीटी म्हणजे बोलून, सराव करून विचार अन् वागणं बदलायचा उपचार; त्यात मूल भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकतं. २०२० मध्ये अमेरिकेत १६७ मुलांवरच्या तुलनेत स्वमग्न मुलांसाठी बदललेली सीबीटी नेहमीच्या सीबीटीपेक्षा सरस ठरली. आपल्या लेकरांनी काय घोडं मारलंय?

दारव्ह्याचा मामा
ताई, तो अभ्यास बोलणाऱ्या पोरांवरचा. माह्या भाच्याले बोलताच येत नाही, त्यानं भीती सांगावी कशी? अन् दर आठवड्याले नागपूर म्हणजे एसटीचं भाडं अन् बुडालेली मजुरी. कापूस वेचणीत कोण जाईन? शाळेत खिचडीच्या वेळचा कल्ला कमी करा, मारणं बंद करा. पोरगं आपोआप शांत होते.

विशेष शिक्षिका, वर्धा
कल्ला कमी व्हायलाच हवा, पण "आपोआप" नाही. लाइन जाण्याची भीती आवाजाची नाही, पुढं काय होईल हे न कळण्याची आहे. त्यासाठी चित्रांचा तक्ता, "लाइन गेली तर काय करायचं" याचा सराव, मुलाच्या आवडीचा विषय लागतो. पोटात गोळा येतो की छाती धडधडते, एवढं त्याला चित्रावर बोट ठेवून दाखवता आलं तरी सुरुवात होते. मुलाला डीजेपुढं नेऊन उभं करणं म्हणजे उपचार नव्हे, तो छळ आहे. हे मी फार पाहते.

दारव्ह्याचा मामा
मंग हे शिकवणार कोण? गावात तुमच्यासारखं कोणी नाही.

यवतमाळची आई
आपण, भाऊ. बदललेल्या पद्धतीत आईबापही शिकतात. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी पाहणाऱ्या सरकारी केंद्रात विचारा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीही त्यात येते. फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

दारव्ह्याचा मामा
फोन लावतो. पण न बोलणाऱ्या पोरासाठी काय, हे अजून कोणीच सांगितलं नाही. थे सांगा.