'लेबर सरप्लस एरिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या बेकारीवरचा एक लेख मराठीत करतोय. 'लेबर सरप्लस एरिया'ला 'श्रमाधिक्य क्षेत्र' लिहिलंय, पण त्यातून तिथे मजुरांची नुसती गर्दी आहे असं वाटतं. 'बेकारीग्रस्त भाग' चालेल?

उत्तर : 'ग्रस्त' नको. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त म्हटलं की आपत्ती डोळ्यांपुढे येते, आणि हा तर निव्वळ सरकारी शिक्का आहे. अमेरिकेचं श्रम खातं दरवर्षी यादी काढतं, ती १ ऑक्टोबरपासून लागू होते. मागच्या दोन कॅलेंडर वर्षांचा सरासरी बेकारी दर देशाच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी जास्त असला, की ती काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा किमान २५,००० वस्तीचं शहर यादीत. तिथल्या उद्योगांना सरकारी खरेदीत प्राधान्य मिळावं, हा हेतू.

लेखात खरी मेख या '२० टक्क्यांनी'त आहे. देशाचा दर ५ टक्के असेल तर रेषा ६ टक्क्यांवर येते, २५ वर नव्हे! देशाचा दर ४ असला तर हिशेबाने ४.८ येतात, पण ६ च्या खाली शिक्का कुणालाच नाही. उलट त्या भागाचा स्वतःचा दर १० किंवा त्याहून जास्त असेल तर देशाची सरासरी कितीही असो, मिळतोच.

दुसरं उत्तर : 'लेबर मार्केट एरिया' हे वेगळं प्रकरण, त्याला 'श्रमबाजार क्षेत्र' ठेवा. तिथे बेकारी किती हा प्रश्नच नसतो, लोक कामाला कुठून कुठे जातात ते बघतात. ब्रिटनमध्ये साधारण नियम असा, की भागातल्या ७५ टक्के नोकरदारांचं काम तिथेच हवं आणि तिथे काम करणाऱ्यांपैकी ७५ टक्के तिथलेच रहिवासी हवेत. मोठ्या शहरी भागांना थोडी सूट आहे.

तिसरं उत्तर : 'बेकार' हा शब्दही जपून वापरा. बोलण्यात काम नसलेला तो बेकार. अमेरिकी मोजणीत मात्र साधारणपणे गेल्या चार आठवड्यांत काम शोधलेलं असावं लागतं. खाण बंद पडली, तरुण निघून गेले, उरलेल्यांनी शोधणंच सोडलं, की दर खाली येतो आणि काउंटी यादीतून बाहेर! कामं आली असं कुणी समजू नये.

प्रश्नकर्ता : मग 'जादा बेकारीचं क्षेत्र' लिहितो.

पहिलं उत्तर देणारा : आधी 'घोषित' जोडा. यादीबाहेरही बेकारी असतेच की.