अनुभव धागा: टेनिस खेळताना डोकं कुठे असतं?

मंडळी, फोरहँड कसा मारावा हे सांगणारे क्लबात पैशाला पासरी. पण सेटमध्ये 5-4 ने पुढे असताना सर्व्हिसला उभं राहिलं की मनगटाचं लाकूड का होतं, यावर कुणी तोंड उघडत नाही. 'आज लागत नव्हतं' म्हणायचं आणि चहा मागवायचा. म्हणून हा धागा.

टेनिसची गोम अशी की मॅचमधला बराचसा वेळ चेंडू खेळात नसतोच. मोठ्या स्पर्धांत दोन पॉइंट्सच्या मध्ये 25 सेकंद, बाजू बदलताना 90. एवढा रिकामा वेळ डोक्याला दिला की ते काय काय उद्योग करतं ते आपण जाणतोच. क्रिकेटमध्ये आउट झालेला निदान पॅव्हेलियनमध्ये जाऊन कुढू शकतो. इथे डबल फॉल्ट (पहिली आणि दुसरी, दोन्ही सर्व्हिस चुकणं) करणाऱ्यालाच पुढची सर्व्हिस टाकायची असते. 1993 च्या विम्बल्डन फायनलमध्ये याना नोवोत्ना स्टेफी ग्राफसमोर तिसऱ्या सेटमध्ये 4-1 पुढे, स्वतःच्या सर्व्हिसवर 40-30, म्हणजे 5-1 पासून एक पॉइंट दूर. तिथे डबल फॉल्ट झाला आणि त्यानंतर तिला एकही गेम मिळाला नाही. 1998 ला तिनं विम्बल्डन जिंकलंच, पण लोकांना आठवतं ते 1993 ला बक्षीस द्यायला आलेल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावरचं रडणं.

तुमचं काय होतं आणि तुम्ही काय करता, ते लिहा. 'सकारात्मक विचार करा' छापाचे सल्ले नकोत, ते व्हॉट्सॲपवर फुकट येतात.

ज्युनियरची आई
मुलगा 14 वर्षांखालच्या गटात खेळतो. बऱ्याच मॅचना खुर्चीवर अंपायर नसतो, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे मुलांनीच सांगायचं. समोरच्यानं लाइनवरचा चेंडू 'आउट' दिला की आमचे चिरंजीव पुढचे दोन गेम त्याच चेंडूत अडकलेले. शिवाय दर पॉइंटनंतर मान वळवून जाळीबाहेर माझ्याकडे बघणं. मला तर स्कोअर न कळताही सगळं कळतं: नीट खेळत असला की सर्व्हिसच्या वेळी जिभेचं टोक ओठांतून बाहेर डोकावतं. जीभ आत गेली आणि दात आवळले, की समजायचं, गेला गेम. सरांनी त्याला पॉइंट संपल्यावर रॅकेटचे गट्स, म्हणजे तारा, बोटानं सरळ करायला लावलंय. नजर गट्सवर असली की जाळीकडे जात नाही. अर्धा उपाय लागू पडलाय. उरलेल्या अर्ध्याचं काय करू?

जुना मार्कर
ताई, डोक्याचं नंतर बघू, आधी मूठ बघा. घाबरला की माणूस रॅकेट आवळतो, श्वास धरतो, खांदे कानाला लावतो. मग रॅकेट सैल फिरत नाही, सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू (टॉस) भलतीकडे जातो, फटका नेटमध्ये. आणि वर म्हणतो, फोकस गेला. फोकस कुठला, मूठ गेली!

मार्कर म्हणजे क्लबात सभासदांबरोबर खेळणारे, त्यांना शिकवणारे; आमच्या हेडमार्करनं शिकवलेलं सांगतो. पॉइंट संपला की नेटकडे पाठ. रॅकेट दुसऱ्या हातात, खेळायच्या हाताची बोटं मोकळी सोडायची. तोंडानं लांब श्वास सोडायचा, घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप येतो. मग चालता चालता ठरवायचं, सर्व्हिस कुठे टाकणार. ठरल्याशिवाय बेसलाइनला (सर्व्हिसच्या मागच्या रेषेला) यायचं नाही, आणि आल्यावर बेत बदलायचा नाही. अमेरिकेतल्या जिम लोहर या क्रीडामानसशास्त्रज्ञानं मोठ्या खेळाडूंचं दोन पॉइंट्समधलं वागणं बघून जवळपास हाच क्रम मांडलाय, हे मला फार उशिरा कळलं. हेडमार्कर लोहर-बिहर न वाचताच ओरडायचा, 'हात बदल, हात बदल!'

जर्सीकर
मार्करदादा, मूठ एकदम मान्य. पण क्रमाचं सोवळं फार पाळलं तर त्याचीच भीती बसते. मी सर्व्हिसआधी चेंडू मोजून आपटायचो. मध्येच शेजारच्या कोर्टवरचा चेंडू घरंगळत आला की मोजणी पहिल्यापासून, आणि तोवर हात गार. पाण्याच्या बाटल्या लेबलं कोर्टकडे तोंड करून लावणं वगैरे नदालला शोभतं.

इथे न्यू जर्सीत लीगला अंपायर नसतो. सर्व्हिस करणाऱ्यानं दर पॉइंटआधी स्कोअर मोठ्यानं सांगायचा अशी पद्धत आहे. बहुतेक जण पुटपुटतात, मी खणखणीत ओरडतो. '15-30' म्हटलं की मागचा पॉइंट जमाखर्चात जातो आणि मी आज, इथे, 15-30 वर असतो. तिसऱ्या सेटऐवजी 10 पॉइंट्सचा टायब्रेक (निकाल लावणारा छोटा डाव) असतो तेव्हा तर हे फारच उपयोगी पडतं. बायको म्हणते, पार्किंगपर्यंत ऐकू येतं.

डबल्सवाली, ठाणे
आमच्याकडे भांडण एकाच शब्दावरून: सॉरी. चेंडू नेटमध्ये गेला, सॉरी. लॉब (डोक्यावरून उंच मारलेला चेंडू) मागे पडला, सॉरी. पार्टनर सारखी माफी मागायला लागली की पुढचा फटका ती चेंडू आत ठेवायला मारते, पॉइंट घ्यायला नाही. शेवटी सॉरीवर बंदी घातली. बोलायचंच तर पुढच्या पॉइंटबद्दल: 'मधून टाक', 'मी नेटवर सरकते'. हांगझोउ एशियाडची मिक्स्ड फायनल आठवा. आपली ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा, पहिला सेट 2-6 गेलेला. पुढे 6-3, टायब्रेक 10-4 आणि सुवर्णपदक. पहिला सेट हरलो की आम्ही दोघी एकमेकींना फक्त 'हांगझोउ' म्हणतो.

कोपऱ्यातला
सॉरीबंदीला +१. नवऱ्याबरोबर मिक्स्ड खेळणाऱ्यांसाठी सुस्काऱ्यांवरही बंदी हवी.

आकडेमोड्या
फेडररनं 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलेला हिशोब: एकेरीच्या 1526 मॅचेस, जवळपास 80 टक्के जिंकलेल्या, पण पॉइंट्स जिंकलेले जेमतेम 54 टक्के. म्हणजे तोसुद्धा जवळजवळ निम्मे पॉइंट्स हरायचा. आमच्या क्लबातले काका एक बॅकहँड चुकला की रॅकेटकडे असं बघतात, जणू तिनंच फितुरी केली.

धागाकर्ता
काका कोण ते ओळखलं. नाव नको.

शांत वाचक
थोडं वेगळं लिहितो. माझं प्रकरण मुठीपुरतं नव्हतं. मॅचच्या आदल्या रात्री झोप नाही, सकाळी उलटी, छातीत धडधड. पुढे ऑफिसच्या मीटिंगलाही तेच. क्लबात 'जिगर नाही' असा शिक्का बसला. 2012 च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकेच्या मार्डी फिशनं फेडररविरुद्धची मॅच न खेळताच माघार घेतली होती. तीव्र चिंतेचा त्रास होता हे नंतर त्यानं उघडपणे सांगितलं. ते वाचून मी डॉक्टरांकडे गेलो. आधी हृदयाच्या तपासण्या, मग समुपदेशन. आता खेळतोय, हरतोयही मजेत. धडधड कोर्टबाहेरही पाठ सोडत नसेल तर टेनिसच्या युक्त्यांवर वेळ घालवू नका.

धागाकर्ता
हे लिहिलंत, फार बरं केलंत.

ज्युनियरची आई
मार्करदादा, हात बदलणं सुरू केलंय. पण सरावात जमतं, मॅचमध्ये विसरतो.

जुना मार्कर
सराव 0-0 पासून करत असेल, म्हणून. सेट 4-5, 30-30 पासून सुरू करा, एकच सर्व्हिस द्या, दुसरी नाही. मधूनमधून समोरच्याला मुद्दाम एखादा चुकीचा 'आउट' द्यायला सांगा. पोराला आधी कळू देऊ नका. हरला तर नेट त्यानं गुंडाळायचं, जिंकला तर समोरच्यानं.

ज्युनियरची आई
रविवारी करते. समोर धाकट्या दिराला उभा करते, चुकीचे आउट द्यायला त्याला शिकवावं लागणार नाही.