रिकाम्या तुरुंगात कला चालते, मग भरलेल्यात का नको?

मांडवीकाठ
परवा इथे एकाने लिहिलं की डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो, त्यातलं एखादं काम कोलवाळच्या सेंट्रल जेलमध्ये व्हावं, कैद्यांना आणि बाहेरच्यांना सोबत घेऊन. त्याच्याखाली 'चोरांना आता कलाकार करा' छापाच्या कमेंटी पडल्या आणि एकाने विचारलं, शहराचा तुरुंगाशी संबंधच काय? ते वाचून डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय.

रेईश मागूशच्या किल्ल्यात १९९३ पर्यंत तुरुंग होता. किल्ला दुरुस्त होऊन २०१२ ला उघडला आणि आज तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत. आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगाचे कैदी २०१५ ला कोलवाळला हलवले, २०२१ च्या डिसेंबरात म्युझियम झालं, आता आपण पाहुण्यांना नेऊन गोवा मुक्तीसाठी लढलेल्या लोहियांची, टी. बी. कुन्हांची कोठडी दाखवतो. म्हणजे तुरुंगातली कला आपल्याला चालते, फक्त आतली माणसं आधी बाहेर काढायची. २०२४ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, व्हॅटिकनने आपलं प्रदर्शन जुदेक्का बेटावरच्या चालू महिला तुरुंगात भरवलं. मोबाईल गेटवर जमा, आत गाईड कोण, तर तिथल्याच कैदी बायका. खुद्द पोप फ्रान्सिस जाऊन आले. कैद्यांची चित्रं बाहेर आणून विकणं यात येत नाही, ते दिवाळीच्या स्टॉलवर होतंच. शहराने आत जायचं आणि आतल्या माणसाने आपल्याला काहीतरी दाखवायचं, एवढंच मी मागतोय.

म्हापशेकर
व्हेनिस राहू दे तिथेच. माझ्या मावशीचं मंगळसूत्र शुक्रवारच्या बाजारातून येताना भर रस्त्यात ओढलं, ती पडली, मनगट मोडलं, अजून तिला नीट पीठ मळता येत नाही. कोर्टाच्या तारखांना मी तिला घेऊन जातो. तिच्याकडे एक तरी कलाकार आला का विचारायला, की बाय, तुझं काय म्हणणं? ज्याने ओढलं त्याला मात्र रंग, ब्रश आणि वर पोप. राग येणारच.

सत्तरीची लेक
@म्हापशेकर दादा, मावशींचं वाईट वाटलं, मनापासून सांगते. पण तुरुंगातला प्रत्येकजण मंगळसूत्र ओढणारा नसतो. माझा भाऊ कच्चा कैदी होता, कुठल्या जेलात ते सांगत नाही. शेवटी निर्दोष सुटला, पण तोवर लग्न मोडलं आणि नोकरीही गेली. मुलाखतीला आई चांगली साडी नेसून यायची, उन्हात रांगेत उभी राहायची आणि जाळीपलीकडून जेवलास का एवढंच विचारायची. एकदा त्याने बिस्किटाच्या पुड्याच्या आतल्या बाजूवर पेनाने आमचं अंगण काढून पाठवलं, तुळस, बाजूला लावलेली स्कूटर, स्कूटरचा फुटलेला आरसासुद्धा. गावात कुणाला दाखवायची सोय नव्हती. एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचे, २०२२ चे आकडे बघा, देशातल्या शंभर कैद्यांत जवळजवळ ७६ कच्चे होते, गुन्हा शाबीत न झालेले.

तिसरी घंटा
मूळ मुद्द्याला विरोध नाही पण हे कंटेंपररी आर्टच का? खोलीत दोऱ्या टांगायच्या आणि बाजूला इंग्लिशमध्ये पानभर मजकूर, मराठी औषधाला नाही. अरे गोव्यात देवळाच्या उत्सवात गावची पोरं रात्रभर मराठी नाटक करतात, मेकअपवाला, पेटीवाला सगळे गावातले, ती परंपरा सोडून बाहेरून क्युरेटर आणायचा? आणि कलेची एवढी काळजी असेल तर पणजीच्या कला अकादमीकडे बघा आधी. दुरुस्ती चालू असताना २०२३ ला खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला, आम्ही नाटकवाले तोपर्यंत तालमीला हॉल शोधत वणवण फिरत होतो आणि...

पेडण्याचो
झालं, गोव्यात कुठलाही धागा काढा, तिसऱ्या रिप्लायला कला अकादमी. घंटाबाब, आत सगळ्यांना मराठी येतं का? ड्रग्ज केसमधले परदेशी आहेत, परराज्यातले मजूर आहेत. त्यांनी तुमचं संगीत सौभद्र करायचं का?

तिसरी घंटा
का नाही? एकाने गायचं, एकाने पडदा ओढायचा, एकाने लाईट. नाटकात मुक्यालाही काम असतं. तुम्ही कधी विंगेत उभे राहिलात का? शिगम्याच्या मिरवणुकीतल्या फ्लोटवर चढून फोटो काढणाऱ्यांनी रंगभूमीबद्दल बोलू नये.

पेडण्याचो
फ्लोट आम्ही दोन महिने खपून बांधतो, फोटोला चढत नाही. तोंड सांभाळून.

मांडवीकाठ
दोघेही थांबा. घंटाबाब, तुमच्या बाजूचंच सांगतो, इटलीत व्होल्तेराच्या तुरुंगात १९८८ पासून कैद्यांची नाटक कंपनी आहे आणि लोक नाटक बघायला तुरुंगात जातात. ते चाललं तर कोलवाळात संगीत नाटक करा, मी पहिल्या रांगेत बसेन. पण सत्तरीच्या ताईंच्या भावाने जे काढलं त्याला तालीम लागली नव्हती, आणि फुटलेला आरसा कळायला भाषाही लागत नाही.

तिसरी घंटा
बरं, आरशाचं मान्य. स्लॅबचं मात्र सोडणार नाही.

ड्युटी संपली
माझे भाऊजी जेल गार्ड आहेत. तुम्ही दोनशे माणसं आत आणणार, झडती कोण घेणार? बाईची झडती बाईनेच घ्यावी लागते, आणि तिथे रोजच्या मुलाखतीलाच माणसं पुरत नाहीत. कलाकार टाळ्या घेऊन जातील, आत एक मोबाईल सापडला की चौकशी भाऊजींची.

मांडवीकाठ
हे खरं आहे, यावर मी विचारच केला नव्हता असं नाही पण उत्तर अर्धंच आहे. दोनशे नकोत, वीस-वीसच्या गटाने, आधी नावं देऊन, आणि फेस्टिव्हलच्या खर्चातून जादा माणसं. ते देत नसतील तर प्रकल्प करूच नये, गार्डांच्या डोक्यावर नको.

सत्तरीची लेक
आणि पहिलं काम भिंतीच्या बाहेर करा. मुलाखतीला आलेल्यांसाठी बाकं, छप्पर, पाणी, ते एखाद्या कलाकाराने तिथे थांबणाऱ्या बायकांना विचारून बांधावं. कोलवाळात मोडा गोवा हे वेशभूषेचं म्युझियम बघायला जाणारा माणूस तिथेही थांबेल.

म्हापशेकर
छप्पराला ना नाही, आयांनी काय केलंय. पण आतल्या कामात मावशीसारख्यांनाही बोलवणार का ते आधी लिहा. आणि बोलावलं तर ती नाही म्हणेल, तेही तिथे भिंतीवर लिहायला हवं. तेवढं कबूल असेल तर मी तिला विचारतो. माझा विरोध अजून आहे.

मांडवीकाठ
कबूल. तिचं नाही तिच्याच शब्दांत लावायचं, कुणी एडिट करायचं नाही. विचारा तिला.