नक्षी जोराच्या दिशेप्रमाणे हवी
अवजाराच्या किंवा झाकणाच्या मुठीचा पृष्ठभाग जितका खरखरीत तितकी पकड चांगली, असं बरेचदा म्हटलं जातं. कोरड्या हाताला ठीक, पण बारीक खरखरीत नक्षीत साबण-तेल भरलं की मूठ गुळगुळीतच होते. ओल्या हातासाठी पाणी निसटून जाईल असे रुंद, खोल चर लागतात. शिवाय जोर कुठल्या दिशेने लागतो ते बघा. झाकण नुसतं फिरवायचं असेल तर उभ्या रेघा पुरतात. ओढायचं आणि फिरवायचंही असेल तर डायमंड नर्लिंग, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची चौकटी नक्षी. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडून (लेथ म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र) दांड्याच्या तुकड्यावर दोन्ही करून घ्या आणि तेलकट हाताने पिळून बघा. नक्षीची टोकं मात्र पॉलिश पेपरने बोथट कराच, नाहीतर दिवसभर वापरणाऱ्याचा तळवा सोलून निघतो! वस्तू आजी-आजोबांसाठी असेल तर नक्षीआधी मूठ जाड करा. संधिवाताच्या बोटांना बारीक दांडा आवळणंच जड जातं.